तिच्या मापाने मोजलेलं आकाश

मैत्रिणींनो, लग्नात भटजींनी दाखवलेला ध्रुव तारा आठवतोय का? मला तर मांडवाबाहेर नेऊन उत्तरेकडे बोट दाखवलं, तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. तरी मी मान डोलावली होती. ध्रुवासारखं अढळ राहायचं, एवढं मात्र मनात बसलं.

परवा लेकीने सांगितलं, की ध्रुवसुद्धा तसा अगदी एकसारखा नाही. साधारण चार दिवसांत त्याचा प्रकाश किंचित वाढतो, किंचित उतरतो. अशा ताऱ्यांना सेफिड म्हणतात. आणि दूरच्या दीर्घिका किती लांब आहेत, हे याच ताऱ्यांवरून कळतं. ही किल्ली शोधली एका बाईने. तिचं नाव हेन्रिएटा स्वान लेविट. मी कलाशाखेची, विज्ञानाशी माझं नातं दहावीलाच तुटलेलं. पण तिची गोष्ट वाचली आणि हातातलं काम बाजूलाच राहिलं.

हेन्रिएटाचा जन्म ४ जुलै १८६८ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला. वडील धर्मोपदेशक, घरात भावंडं बरीच, ही थोरली. कॉलेजात ग्रीक, लॅटिन, कला, तत्त्वज्ञान असे विषय शिकली. खगोलशास्त्राची गोडी लागली ती अगदी शेवटच्या वर्षी. १८९२ मध्ये पदवी मिळाली. पुढे ती हार्वर्डच्या वेधशाळेत जाऊ लागली, तीही सुरुवातीला बिनपगारी! मध्ये आजारपण, परदेश प्रवास, घरच्या अडचणी यांत काही वर्षं गेली. ऐकूही कमी येऊ लागलं होतं. १९०२ मध्ये ती वेधशाळेत परतली. पगार तासाला तीस सेंट. इतर बायकांना पंचवीस मिळायचे, म्हणजे ही जरा वरचढच!

रात्री दुर्बिणीवर बसायचं काम पुरुषांचं. बायकांनी दिवसा टेबलाशी बसून मोजदाद करायची. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात वेधशाळेची दुर्बीण होती. तिथे आकाशाचे फोटो काचेच्या तबकड्यांवर घेतले जात आणि पेट्यांत भरून बोटीने येत. त्या तबकड्यांवर तारे म्हणजे पांढऱ्या काचेवरचे काळे ठिपके, सांडलेल्या मोहरीसारखे. हेन्रिएटा एका रात्रीच्या तबकडीवर दुसऱ्या रात्रीची ठेवून भिंगातून बघायची. कोणता ठिपका मोठा झाला, कोणता बारीक? आपण तांदूळ निवडताना खडा कसा नेमका दिसतो, तशी तिची नजर तयार झाली होती. अशा प्रकाश बदलणाऱ्या ताऱ्यांना रूपविकारी तारे म्हणतात. तिने आयुष्यात असे सुमारे २४०० तारे शोधले.

त्यातले कितीतरी मॅजेलनच्या मेघांमधले. हे दक्षिणेच्या आकाशातले दोन पुंजके तिच्या गावातून दिसतच नव्हते. आपल्या महाराष्ट्रातूनही ते जवळपास दिसत नाहीत. १९०८ मध्ये तिने तिथल्या १७७७ ताऱ्यांची यादी छापली. त्यातल्या सोळा ताऱ्यांबद्दल तिने एक बारीकशी नोंद केली, की जे जास्त तेजस्वी, त्यांना चढउताराला जास्त दिवस लागतात. १९१२ मध्ये पंचवीस ताऱ्यांवरून तिने हा नियम पक्का केला. कुणाचं चक्र सव्वा दिवसाचं, तर कुणाचं १२७ दिवसांचं.

यात एवढं काय मोठं? रात्री एसटीतून जाताना लांबवर दिवा दिसतो. तो जवळचा कंदील की दूरचा मोठा दिवा, सांगता येत नाही. पण त्या दिव्यावर किती वॅटचा ते लिहिलेलं असेल तर? किती मंद दिसतो त्यावरून अंतर काढता येईल. सेफिड ताऱ्याचं चक्र किती दिवसांचं, हाच तो वॅटचा आकडा. मात्र १९१२ चा तो अहवाल छापला गेला वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांच्या सहीने. तो मिस लेविट यांनी तयार केल्याचं पहिल्या ओळीत होतं, एवढंच. पुढे तिला या ताऱ्यांच्या मागे लागायला सवड मिळाली नाही. ध्रुवाजवळच्या ताऱ्यांच्या तेजाचं प्रमाण ठरवायचं काम तिच्याकडे होतं आणि त्यात वर्षं गेली.

१२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने ती गेली. वय ५३. मागे ठेवलं ते तीनशे डॉलरच्या आसपास. दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत एक सेफिड सापडला. हेन्रिएटाचा नियम लावला आणि कळलं, की देवयानी आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे. माणसाचं विश्व एका रात्रीत केवढं तरी मोठं झालं! १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाने तिचं नाव नोबेलसाठी सुचवावं म्हणून पत्र पाठवलं. तेव्हा त्यांना समजलं, की ती हयातच नाही.

त्याच हबल यांचं नाव दिलेली दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली. हवेच्या वर असल्यामुळे तिला तारे थरथरताना दिसत नाहीत. तिच्या मुख्य कामांपैकी एक होतं, दूरच्या दीर्घिकांतले सेफिड शोधणं. १९९४ मध्ये सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचे सेफिड तिने मोजले. त्याआधी विश्वाचं वय हजार कोटी वर्षं की दोन हजार कोटी, यावर वाद होता. २००१ मध्ये वेंडी फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्व किती वेगाने पसरतंय याचा आकडा दिला, आणि वादातली ती तफावत खूपच कमी झाली. २०२१ मध्ये गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीनेही हेच तारे पुन्हा तपासले. माप तेच, हेन्रिएटाचं.

आमच्या बचत गटात एक ताई बारा वर्षं वह्या लिहितात. एकदा गटाला बक्षीस मिळालं, फोटो निघाला, हार घातले गेले. ताई मागे चहाचे कप भरत होत्या. त्या दिवशी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. हेन्रिएटाबद्दल वाचलं आणि मला तो फोटो आठवला. पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या पहिल्या पानावर मी ताईंचं नाव लिहून घेतलं. उशीर झाला खरा, पण त्यांच्यासमोर झालं.

तुमच्या गटातली वही कोण लिहितं? एकदा बघाच.