झांगलातील शब्दसाधना

वाचकहो, वाचताना अनोळखी शब्द आला की आपण काय करतो? बहुतेक वेळा अंदाज बांधून पुढे जातो. आज अशा एका साधकाची ओळख करून घेऊ या, जो असा शब्द सोडून पुढे गेला नाही.

अलेक्झांडर चोमा यांचा जन्म १७८४ मध्ये ट्रान्सिल्व्हानियातील कोरोश या गावी एका गरीब हंगेरियन कुटुंबात झाला. आपल्या लोकांचे मूळ आशियात सापडेल, या श्रद्धेने ते १८१९ मध्ये घरातून निघाले. बराचसा प्रवास त्यांनी पायी केला. १८२२ मध्ये लडाखच्या वाटेवर त्यांची भेट मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशाशी झाली. त्याने तिबेटी भाषेवरचे एक लॅटिन पुस्तक त्यांना दिले आणि आयुष्याला वेगळे वळण लागले.

१८२३ च्या जूनमध्ये चोमा झंस्कारमधील झांगला येथे पोहोचले. तेथे सांग्ये फुंत्सोग या विद्वान लामांना त्यांनी गुरू केले. खोली अगदी लहान होती. हिवाळ्यात बाहेर पडणे अशक्य, आणि खोलीत शेकोटीही नाही. मेंढीच्या कातड्याच्या झग्यात गुरफटून गुरुशिष्य दिवसभर ग्रंथ वाचत. पान उलटण्यापुरता हात बाहेर काढायचा आणि लगेच आत घ्यायचा!

तिबेटी-इंग्रजी कोश तेव्हा नव्हताच. मग अर्थ कसा कळायचा? ग्रंथातून आणि गुरूंकडून. एखाद्या ठिकाणी शब्द धूसर वाटतो, दुसऱ्या संदर्भात पुन्हा भेटला की थोडा उजळतो. कित्येक बौद्ध शब्द मूळ संस्कृतातून तिबेटीत आले होते, त्यामुळे संस्कृत प्रतिशब्दही आधाराला येत. असे शब्द टिपत ते कानमच्या मठातही राहिले. १८३४ मध्ये त्यांचा तिबेटी-इंग्रजी कोश आणि व्याकरण कलकत्त्यात छापले गेले.

हंगेरियनांचे मूळ मात्र त्यांना सापडले नाही. त्याच शोधात ल्हासाकडे निघाले असता वाटेत ताप आला आणि ११ एप्रिल १८४२ रोजी दार्जिलिंग येथे त्यांनी देह ठेवला.

मग त्यांचे आयुष्य वाया गेले का? ज्या ग्रंथांपर्यंत जगाला पोहोचता येत नव्हते, त्यांचे दार त्यांच्या कोशाने उघडले. शोधले ते मिळाले नाही, पण वाटेत जे हाती आले ते त्यांनी मनापासून केले.

आज वाचताना एखादा शब्द अडला, तर त्याला टाळू नका. वहीत लिहा, जाणकाराला विचारा, आणि तो पुन्हा भेटेल तेव्हा ओळख द्या. आपल्या खोलीत तर ऊबही आहे आणि कोशही!