देवालाही थांबविणारी शुश्रूषा

सोलापूर - आषाढीला लाखो वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात जमतात, तेव्हा त्यांच्या जयघोषात विठ्ठलाच्याही आधी भक्त पुंडलिकाचे नाव येते. सोलापूरपासून सुमारे 70 किलोमीटरवरील पंढरपूरला माहात्म्य लाभले ते आईवडिलांची सेवा करणाऱ्या या पुरुषामुळे, अशी परंपरेची धारणा आहे.

पुंडलिकाचे चरित्र इतिहासापेक्षा आख्यायिकांतूनच अधिक कळते. होयसळ राजा सोमेश्वराच्या 1237 मधील शिलालेखात भीमातीरीच्या या क्षेत्राच्या संदर्भात पुंडलिक मुनींचा उल्लेख आढळतो. रा. गो. भांडारकरांनी त्याला विठ्ठलभक्तीचा आद्य प्रवर्तक मानले, तर रा. चिं. ढेरे यांनी या नावाचा मागोवा पुंडरीकेश्वर या शिवस्थानापर्यंत नेला.

परंपरा सांगते, की विवाहानंतर पुंडलिक उद्दाम झाला. काशीयात्रेत त्याने पत्नीला घोड्यावर बसविले आणि वृद्ध आईवडिलांना पायी चालविले. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मुक्काम पडला. पहाटे मळलेल्या वस्त्रांतील स्त्रिया आल्या, त्यांनी आश्रम झाडला, सारवला आणि त्या शुभ्र वस्त्रांनी बाहेर पडल्या. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती होत्या. यात्रेकरूंच्या पापांनी मळलेली त्यांची वस्त्रे मातृपितृभक्त ऋषींच्या सेवेने निर्मळ होत. ते पाहून पुंडलिकाला पश्चात्ताप झाला.

तो परतला आणि त्याने आईवडिलांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी आरंभिली. ती त्याने पत्नीवर वा सेवकावर सोपविल्याचे आख्यायिका सांगत नाही. साक्षात देव दारी आले, तेव्हाही तो आईवडिलांचे पाय चेपत होता. त्याने उभे राहण्यासाठी एक वीट पुढे फेकली आणि देवांना थांबण्यास सांगितले. देव रागावले नाहीत, ते विटेवर थांबले. पुढे वर मागण्याची वेळ आली, तेव्हा त्याने देवांना तेथेच राहण्याची विनंती केली.

रुग्णाच्या उशाशी बसणे हे घरातील स्त्रीचेच काम, ही समजूत आजही पुरती गेलेली नाही. त्यामुळे आईवडिलांचे अंथरूण बदलणाऱ्या मुलाचे एकतर कौतुक होते, नाहीतर त्याला नोकरीविषयी विचारले जाते. त्याच्या थकव्याची चौकशी क्वचितच होते. ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 मध्ये झाला. अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांची जबाबदारी त्याने अपत्यांवर टाकली. कायद्याने निर्वाहभत्ता मिळविता येतो, पाय चेपणारे हात मात्र मिळत नाहीत.

चंद्रभागेच्या पात्रातील पुंडलिकाचे मंदिर पुरात पाण्याखाली जाते. पाणी ओसरले, की पुन्हा रीघ लागते. स्नान, मग पुंडलिक आणि त्यानंतर विठ्ठल, हा दर्शनाचा परंपरागत क्रम आहे. शुश्रूषेला देवाच्याही आधी मान देणारा हा क्रम पंढरीने शतकानुशतके जपला आहे.