पन्नास डॉलरला गेलेले गाणे

संगीताला जात नसते, वर्ण नसतो, असे आपल्याला नेहमी ऐकवले जाते. ऐकवणारे बहुधा तेच असतात, ज्यांच्या घरी संगीताचा पैसा आणि मानसन्मान पिढ्यान्‌पिढ्या जमा होत आला आहे. सुरांना वर्ण नसेलही. परंतु सुरांच्या मालकीला वर्ण असतो, हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास वाचला की लख्खपणे दिसते. ब्लूज आणि जॅझ ही आज जगभर मान्यता पावलेली कला गुलामांच्या लेकरांनी जन्माला घातली. मात्र १९१७ साली जॅझची म्हणून पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आली, ती पाच गोऱ्या वादकांची. ज्यांचे गाणे, ते दाराबाहेर आणि ज्यांनी ऐकून उचलले, ते इतिहासात!

या लुटीच्या काळात एक कृष्णवर्णीय माणूस कागद आणि पेन्सिल घेऊन बसला. त्याने आपल्या लोकांचे गाणे स्वरलिपीत उतरवले, छोट्या वाद्यवृंदांना वाजवता येईल असे त्याचे संयोजन केले आणि ते स्वतःच्या प्रकाशन संस्थेतून छापून विकले. त्या माणसाचे नाव विल्यम ख्रिस्तोफर हँडी. जग त्यांना ब्लूजचे जनक म्हणते. या पदवीबद्दल वाद आहे आणि तो रास्त आहे. त्याकडे पुढे येऊ. परंतु सांस्कृतिक चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावे असे हे जीवन आहे, यात वाद नाही.

हँडी यांचा जन्म १६ नोव्हेंबर १८७३ रोजी अलाबामा राज्यातील फ्लॉरेन्स गावी, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. कायद्याने गुलामगिरी संपून जेमतेम आठ वर्षे झाली होती. आईवडिलांनी गुलामगिरी स्वतः भोगलेली. वडील आणि आजोबा दोघेही धर्मोपदेशक. लहानग्या विल्यमने पै पै साठवून एक गिटार विकत आणली. वडिलांनी ती पाहिली मात्र, त्यांचा संताप अनावर झाला. गिटार म्हणजे सैतानाचे वाद्य! त्यांनी ती परत करायला लावली आणि तिच्या बदल्यात शब्दकोश आणवला. पोराने शब्दकोशही वाचला आणि लपूनछपून कॉर्नेट हे तुतारीवजा वाद्यही शिकला. शाळेत त्याला स्वर वाचायला आणि लिहायला शिकवले गेले. हे शिक्षणच पुढे आयुष्यभर त्याच्या कामी आले.

१८९२ साली हँडी शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. पण कृष्णवर्णीय शिक्षकाचा पगार इतका तुटपुंजा होता की त्यापेक्षा बेसिमर गावच्या लोखंडी पाइपांच्या कारखान्यातली मजुरी बरी म्हणून ते तिकडे गेले. १८९३ च्या मंदीत तेही सुटले. गाणाऱ्या चौघांची जोडी जमवून ते शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाकडे निघाले. पुढे फिरत फिरत सेंट लुईसला पोहोचले तेव्हा खिशात दमडी नव्हती. मिसिसिपी नदीच्या काठच्या दगडी फरशीवर त्यांनी रात्री काढल्या. त्या शहरात भोगलेली भूक ते कधी विसरले नाहीत.

१८९६ साली ते महारा या मालकाच्या मिन्स्ट्रेल कंपनीत दाखल झाले. गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करायची, असा हा मिन्स्ट्रेल तमाशा. पुढे पोटासाठी कृष्णवर्णीय कलावंतांनाच त्यात उभे राहावे लागले. हँडी तेथे बँडप्रमुख झाले, कंपनीबरोबर क्यूबापर्यंत गेले आणि तेथल्या नृत्याचा ठेका मनात घेऊन परतले. त्यानंतर १९०० ते १९०२ अशी दोन वर्षे त्यांनी अलाबामातील कृष्णवर्णीयांच्या एका महाविद्यालयात संगीत शिकवले. त्या काळी शिकलेल्या कृष्णवर्णीयांनाही युरोपचे संगीत तेवढे प्रतिष्ठित वाटे आणि शेतमजुरांचे गाणे गावंढळ वाटे. खुद्द हँडीही या समजापासून मुक्त नव्हते.

तो समज मोडला मिसिसिपी राज्यात. १९०३ साली ते क्लार्क्सडेल येथे कृष्णवर्णीयांच्या एका बँडचे प्रमुख झाले. याच काळात एका रात्री टटवायलर स्थानकावर उशिराने येणाऱ्या गाडीची वाट पाहताना त्यांना डुलकी लागली. जाग आली ती एका विलक्षण आवाजाने. फाटके कपडे घातलेला एक कृष्णवर्णीय माणूस शेजारी बसून गिटारच्या तारांवर सुरी दाबत वाजवत होता आणि दोन रेल्वेमार्ग जेथे एकमेकांना छेदतात त्या ठिकाणी जाण्याविषयी तीच ती ओळ पुन्हा पुन्हा गात होता.

दुसरा प्रसंग क्लीव्हलँड या गावचा. हँडी यांचा नऊ वादकांचा शिकलेला बँड एका नाचाच्या कार्यक्रमात वाजवत होता. श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवून इथल्या मातीतले काही वाजवता का, असे विचारले. हँडींच्या मंडळींना ते जमेना. तेव्हा गावातल्याच तिघा कृष्णवर्णीय तरुणांना संधी द्यावी, अशी विनंती आली. गिटार, मेंडोलिन आणि एक झिजलेला बास एवढाच त्यांचा सरंजाम. त्यांनी एकच चाल घोळवून घोळवून वाजवायला सुरुवात केली आणि त्यांच्या पायाशी डॉलरच्या नाण्यांचा पाऊस पडला. हँडींच्या नऊ जणांना रात्रभराच्या बिदागीत मिळणार होते त्याहून अधिक पैसे त्या तिघांनी थोड्या वेळात मिळवले. ज्या गाण्याला आपण गावंढळ समजलो तेच लोकांना हवे आहे आणि त्याला मोलही आहे, हे हँडींनी ओळखले. क्लार्क्सडेलला परतताच ते कामाला लागले.

हे काम काय होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. ब्लूजची एक साधी चौकट आहे. चार मात्रांचे एक आवर्तन, अशी बारा आवर्तने. चार आवर्तनांत पहिली ओळ, पुढच्या चारांत तीच ओळ पुन्हा आणि शेवटच्या चारांत तिला जोडणारी तिसरी ओळ. गायकाचे शब्द प्रत्येक वेळी निम्म्या जागेतच संपतात आणि उरलेल्या जागेत वाद्य त्याला उत्तर देते. आपल्या गायन पार्टीत मुख्य गायकाची ओळ कोरस जसा उचलून धरतो, त्याच जातीची ही गोष्ट. शिवाय गंधार आणि निषाद हे स्वर शेतमजूर थोडे उतरवून, शुद्ध आणि कोमल यांच्या मधोमध कुठेतरी लावत. पियानोवर त्या जागेला पट्टीच नाही! हँडींनी तेथे कोमल स्वर लिहिले आणि घसरत जाणारे सूर वादकांच्या हातावर सोपवले.

नऊ जणांच्या किंवा त्याहून लहान वाद्यवृंदात कोणालाही दुसऱ्याच्या मागे लपता येत नाही. कॉर्नेटने चाल धरायची, क्लॅरिनेटने वरच्या अंगाने तिला गुंफायचे, ट्रॉम्बोनने खालून आधार द्यायचा, तालवाद्यांनी ठेका सांभाळायचा आणि गायकाच्या ओळीमागची मोकळी जागा मोकळीच ठेवायची. ती जागा भरून टाकली तर ब्लूज मरतो. एका माणसाच्या गिटारवरचे गाणे सात-आठ जणांत वाटताना त्याचा जीव जाऊ न देणे, हेच हँडींचे कसब. प्रत्येक वाद्याचा भाग वेगळ्या कागदावर लिहिला, छापला, की ते गाणे हजार मैलांवरच्या अनोळखी बँडलाही वाजवता येई. कागदावर उतरलेले गाणे विकता येते. आणि जे विकता येते, ते लुबाडताही येते!

हे त्यांना लवकरच कळले. हँडी मेम्फिस शहरात बील स्ट्रीटवर स्थिरावले होते. १९०९ साली तेथल्या महापौरपदाच्या निवडणुकीत क्रंप नावाच्या उमेदवारासाठी त्यांच्या बँडने एक चाल वाजवली. ती लोकांच्या तोंडी बसली. १९१२ साली हँडींनी ती 'मेम्फिस ब्लूज' या नावाने स्वतः छापली. प्रती खपत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. निराश होऊन त्यांनी गाण्याचे सर्व हक्क थेरॉन बेनेट या गोऱ्या प्रकाशकाला अवघ्या पन्नास डॉलरला विकून टाकले. प्रती प्रत्यक्षात खपत होत्या, आपली फसवणूक झाली, हे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले. गाणे देशभर गाजले. पैसा मात्र दुसऱ्यांच्या पेटीत गेला.

दुसरा एखादा खचला असता. हँडींनी दुसरा मार्ग धरला. बँकेत काम करणारा हॅरी पेस हा तरुण त्यांचा भागीदार झाला. पेस हा अटलांटा विद्यापीठात डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा विद्यार्थी. दोघांनी पेस अँड हँडी ही प्रकाशन संस्था काढली. १९१४ साली तिने 'सेंट लुईस ब्लूज' छापले. नदीकाठची ती उपाशी रात्र आणि क्यूबाचा तो ठेका, दोन्ही या गाण्यात एकत्र आले. या वेळी हक्क हँडींच्याच नावावर होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सर्वाधिक ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांत ते गणले जाते. त्याच्या मिळकतीवर हँडींचे घर आणि संस्था दोन्ही चालले. संयोजनासाठी त्यांनी ठेवलेल्या तरुणांपैकी एक विल्यम ग्रँट स्टिल, जो पुढे अमेरिकेचा नामवंत सिंफनीकार झाला.

पण दक्षिणेत यशस्वी कृष्णवर्णीयालाही अभय नव्हते. मे १९१७ मध्ये मेम्फिसजवळ एल पर्सन्स या कृष्णवर्णीयाला हजारोंच्या जमावाने जिवंत जाळले आणि त्याचे मस्तक बील स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांच्या घोळक्यात आणून फेकले. ज्या रस्त्याचे गाणे हँडींनी लिहिले, त्याच रस्त्यावर! खैरलांजी पाहिलेल्या आपल्याला या क्रौर्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. १९१८ पर्यंत हँडींनी संस्थेसह न्यूयॉर्क गाठले होते. पुढे पेस वेगळे झाले आणि १९२१ साली त्यांनी कृष्णवर्णीयांच्या मालकीची ब्लॅक स्वान ही ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. तिच्या संचालकांत डुबॉइस होते. पेस गेल्यानंतर हँडी कर्जात बुडाले, डोळेही अधू झाले. तरी त्यांनी भावाच्या साथीने संस्था उभी ठेवली.

१९२५ च्या जानेवारीत गायिका बेसी स्मिथ यांनी 'सेंट लुईस ब्लूज' ध्वनिमुद्रित केले. साथीला दोनच माणसे. कॉर्नेटवर तरुण लुई आर्मस्ट्राँग आणि पेटीवर फ्रेड लाँगशॉ. पेटी स्वर धरून ठेवते, बेसी गाते आणि तिच्या ओळीमागच्या मोकळ्या जागेत कॉर्नेट हुंदका देते. संयोजन किती लहान असू शकते आणि किती मोठे होऊ शकते, हे ज्याला ऐकायचे असेल त्याने ती तीन मिनिटे ऐकावीत. टटवायलरचा तो अनाम माणूस त्यात भेटतो.

१९२६ साली ॲबी नाइल्स या वकिलाच्या सहकार्याने हँडींनी ब्लूज गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. १९२८ साली कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीयांच्या संगीताचा कार्यक्रम सादर केला. आणि १९४० साली 'मेम्फिस ब्लूज' त्यांच्याकडे परत आले! अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार स्वामित्वहक्काची पहिली मुदत २८ वर्षांची होती आणि ती संपताच नूतनीकरणाचा अधिकार मूळ निर्मात्याला होता. हँडी त्या तारखेची वाट पाहत थांबले होते. १९४३ साली भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडून त्यांची दृष्टी पूर्ण गेली. २८ मार्च १९५८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

आता त्या वादाकडे. १९३८ साली पियानोवादक आणि थोर संयोजक जेली रोल मॉर्टन यांनी हँडींवर जाहीर टीका केली की, लोकांचे संगीत त्यांनी आपल्या नावावर केले. ब्लूज कोणा एकाने निर्माण केला नाही, हे खरेच आहे. टटवायलरच्या त्या माणसाला एक पैसाही मिळाला नाही. त्याचे नावसुद्धा इतिहासाला ठाऊक नाही. पण तो होता, हे आपल्याला कोणी सांगितले? हँडींनीच. गोऱ्या प्रकाशकाने ते कधीच सांगितले नसते. तरीही नामोल्लेख म्हणजे न्याय नव्हे. मालकी शेवटच्या माणसापर्यंत पोहोचली पाहिजे, हा प्रश्न हँडींच्या जीवनाने सोडवलेला नाही. तो आपल्यासमोर ठेवला आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, हार्लेमच्या वेशीवर शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी याच डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या प्रश्नांतील साम्याकडे लक्ष वेधले. ते साम्य सांस्कृतिक क्षेत्रातही आहे. आंबेडकरी जलशांनी चळवळ खेड्यापाड्यांत नेली. भीमराव कर्डकांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत शाहिरांनी ती जिवंत ठेवली. परंतु आपली किती गाणी आजही वह्यांत पडून आहेत? किती गाण्यांच्या कॅसेटवर गीतकाराचे नावच नव्हते? किती गायकांनी न वाचता कोऱ्या कागदावर सही केली?

वकील म्हणून येथे काही गोष्टी सांगणे कर्तव्य समजतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. गाण्याचे संयोजन करण्याचा हक्कही मूळ हक्कातच मोडतो. हक्क विकले तरी निर्माता म्हणून आपले नाव सांगण्याचा अधिकार कलम ५७ नुसार गीतकाराकडेच राहतो. आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतील गीतकार-संगीतकाराचा बरोबरीचा वाटा कंपनीला करारानेही काढून घेता येत नाही. तो केवळ वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो.

कायदा आहे, तो वापरणारे हवेत. प्रत्येक गायन पार्टीने आपली गाणी तारखेसह लिहून ठेवावीत, चाली स्वरलिपीत उतरवाव्यात, ज्याच्याकडून चाल घेतली त्याचे नाव त्यात लिहावे आणि सही करण्यापूर्वी करार वाचून घ्यावा. गिटारच्या बदल्यात शब्दकोश मिळालेल्या त्या पोराने गाणे आणि लेखणी दोन्ही हाती ठेवले, म्हणून त्याचे गाणे त्याच्याकडे परत आले. आपण तर शिका हा पहिला मंत्र देणाऱ्या बापाची लेकरे आहोत. जयभीम!