पेशींचा संसार मांडणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

सावर्डे (प्रतिनिधी) : सावर्ड्यालगतच्या डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाच्या साहाय्याने मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राने रत्नागिरी-सिंधुदुर्गातील खेड्यापाड्यांत कर्करोगाची तपासणी पोहोचविली. टाटा मेमोरियल म्हटले की सर्वसामान्यांना रुग्णालय आठवते. मात्र त्याच परळमध्ये गेल्या शतकाच्या मध्याला पेशींच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिच्या उभारणीत डॉ. कमल रणदिवे यांचा मोठा वाटा होता, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात समर्थांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील दिनकर दत्तात्रय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या कमलताईंनी मात्र फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतले. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यानंतरही शिक्षण थांबले नाही. सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी-आनुवंशिकीवर त्यांनी एम. एस्सी. केले. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच. डी. मिळविली. खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे अध्वर्यू. असा गुरू लाभणे हा त्यांच्या आयुष्यातील मोठाच योग म्हणावा लागेल.

त्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्याकडे ऊतीसंवर्धन शिकल्या. ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये प्रसिद्ध ‘हीला’ पेशी प्रथम वाढविण्यात आल्या, ते हेच गे. जिवंत पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जगवायची ही विद्या. पोषक द्रव, शरीराइतकी ऊब आणि काटेकोर निर्जंतुकता यांत जरा ढिलाई झाली, की कित्येक आठवड्यांचे श्रम पाण्यात जातात. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली. उंदरांच्या निरनिराळ्या वंशांत स्तनांचा कर्करोग कसा उद्भवतो, याचा तुलनात्मक अभ्यास करून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्यांनी तपासला. १९६६ ते १९७० या काळात संस्थेच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली.

त्यांच्या कार्यातील सर्वात नाट्यमय प्रकरण कुष्ठरोगाचे. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये सापडला, पण कृत्रिम माध्यमात तो वाढविणे कोणालाही जमले नव्हते. आजही जमलेले नाही. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णांच्या गाठींतून मिळालेला एक जंतू ऊतीसंवर्धनात वाढविला. तो कुष्ठरोगाचाच असावा, ही आशा फलद्रूप झाली नाही. तो त्याच्या कुळातला, पण निराळा निघाला. एखाद्याने नाद सोडला असता. मुंबईच्या प्रयोगशाळेने तो जंतू जपून ठेवला आणि त्याच्यापासून पुढे ‘आयसीआरसी’ लस तयार झाली. दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. निव्वळ बीसीजीचा आकडा ३४ टक्क्यांच्या आसपास होता.

कुष्ठरोगाचा जंतू शरीरातील भक्षक पेशींच्या आतच ठाण मांडतो. अशा घुसखोरांना आणि पेशीतील जीर्ण भागांना पचवून टाकणाऱ्या व्यवस्थेला बेल्जियमचे क्रिस्तियां द द्यूव यांनी १९६३ मध्ये ‘ऑटोफॅजी’ म्हणजे स्वभक्षण हे नाव दिले. योगायोग असा, की त्यांचाही जन्म १९१७ चाच. या क्रियेची यंत्रणा उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले. कोणते प्रथिन ही क्रिया सुरू करते आणि कोणते रोखते, याची जुळणी ‘ऑटोफॅजी रेग्युलेटरी नेटवर्क’सारख्या माहितीकोशांत संगणकावर केली गेली. रणदिवे यांचे संशोधन या विषयावर नव्हते. परंतु अशा कोशांतील कितीतरी नोंदींमागे संवर्धित पेशींवरील प्रयोग असतात आणि ते तंत्र आपल्याकडे रुजविण्याचे कष्ट त्यांनी घेतले.

माहिती गोळा करण्याची त्यांची शिस्त प्रयोगशाळेपुरती राहिली नाही. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूर परिसरात, आदिवासी मुलांच्या पोषणाच्या नोंदी त्यांनी जमविल्या. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या १९७३ मधील स्थापनेतही त्या अग्रभागी होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, गुगलने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर झळकविले, तेव्हा नव्या पिढीतील अनेकांना त्यांचे नाव प्रथमच कळले.