शाळेच्या मैदानावर घडलेले जेसी ओवेन्स

शारीरिक शिक्षणाचा तास म्हणजे मोकळा तास, अशी समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. दहावीचे वर्ष आले की हा तास गणिताला दिला जातो आणि त्याविषयी कोणाची तक्रारही नसते. या विषयाचे माध्यमिक शिक्षणातील मोल समजून घेण्यासाठी आम्ही येथे जेसी ओवेन्स यांच्या चरित्राकडे वळतो.

जेम्स क्लीव्हलँड ओवेन्स यांचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, ओकव्हिल येथे झाला. आजोबा गुलामगिरीत जगलेले, तर वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे कृष्णवर्णीय शेतकरी. दहा भावंडांत जेसी सर्वांत धाकटे. श्वसनाच्या आजारांनी ते बालपणी वारंवार अंथरुणाला खिळत. ते सुमारे नऊ वर्षांचे असताना हे कुटुंब ओहायोतील क्लीव्हलँड शहरी आले. तेथील शिक्षिकेने ‘जे. सी.’ हे नाव ‘जेसी’ असे ऐकले आणि पुढे तेच जगन्मान्य झाले.

फेअरमाउंट शाळेत त्यांना चार्ल्स रायली हे शारीरिक शिक्षणाचे गोरे शिक्षक लाभले. सराव शाळा सुटल्यावर होई. परंतु त्या वेळी जेसींना पोटासाठी कामावर जावे लागे. रायली यांनी नियमावर बोट न ठेवता शाळा भरण्यापूर्वी त्यांचा स्वतंत्र सराव सुरू केला. पाऊल जमिनीला हलकेच टेकवावे, अंग ताठर होऊ देऊ नये, ही धावण्यामागील शास्त्रीय शिस्त जेसींना तेथेच मिळाली. १९३३ साली ईस्ट टेक्निकल हायस्कूलचे विद्यार्थी असताना त्यांनी शिकागो येथे १०० यार्ड अंतर ९.४ सेकंदांत कापून विश्वविक्रमाची बरोबरी साधली.

ओहायो राज्य विद्यापीठात मात्र कृष्णवर्णीयांना वसतिगृहाचे दार बंद होते. बाहेर खोली घेऊन, पोटासाठी मिळेल ते काम करत ते शिकले. २५ मे १९३५ रोजी अ‍ॅन आर्बर येथे पाठ दुखत असतानाही त्यांनी पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले व एकाची बरोबरी केली. त्यांतील ८.१३ मीटर लांब उडीचा विक्रम २५ वर्षे टिकला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४×१०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकून त्यांनी हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाचा दावा त्याच्याच राजधानीत खोटा ठरवला.

पण पदकांनी मायदेशातील भेद मिटला नाही. राष्ट्राध्यक्षांकडून साधे अभिनंदनही आले नाही. विद्यापीठाची पदवी अपुरी राहिली आणि उदरनिर्वाहासाठी या विश्वविजेत्याला घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या. पुढे १९५५ मध्ये ते सदिच्छादूत म्हणून भारतातही येऊन गेले. १९७६ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. ३१ मार्च १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून आम्हांला दोन बोध दिसतात. गरीब घरच्या, आजारी मुलाचे शरीरही योग्य शिक्षणाने घडते. मात्र त्यासाठी त्याची अडचण ओळखून वेळ काढणारा शिक्षक हवा. दुसरे असे की, मैदानावरचे यश पदवीची जागा घेऊ शकत नाही. म्हणून निवासी शाळेच्या वेळापत्रकात पहाटेचे मैदान आणि रात्रीची अभ्यासिका या दोहोंना सारखाच मान असावा. दहावीच्या वर्षीही खेळाचा तास खेळालाच मिळावा, एवढेच आमचे पालकांना व सहकारी शिक्षकांना सांगणे आहे.