सातारची वाट

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरुड नावाचे गाव आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण या गावी गेले. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली येथे झाला. कर्वे घराण्याचे पूर्वीचे वैभव तोवर लयास गेले होते. तरीही बडोद्याच्या राजघराण्यातर्फे वाटली जाणारी दक्षिणा घेण्यास आईने मुलांना जाऊ दिले नाही. गरिबीतही मान ताठ ठेवावी, हा धडा धोंडूला घरीच मिळाला.

दुसरा धडा सोमण गुरुजींनी दिला. धोंडू स्वभावाने फार लाजाळू होता. गुरुजींनी त्याच्यावर देवळात जमणाऱ्या ग्रामस्थांना वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम सोपविले. चारचौघांत बोलताना अडखळणाऱ्या मुलावर वडीलधाऱ्याने असा विश्वास टाकला आणि त्या विश्वासास उतरण्याच्या प्रयत्नातच धोंडूची भीड हळूहळू चेपली.

१८७५ साली या शिकवणुकीची कसोटी लागली. इयत्ता सहावीची सरकारी परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास शिक्षकाची नोकरी मिळत असे. पावसाळ्यामुळे समुद्र खवळलेला होता. मुंबईस जाणे शक्य नव्हते. तेव्हा धोंडू काही सोबत्यांसह पायीच साताऱ्यास निघाला. वाट शंभर मैलांहून अधिक, त्यातही सह्याद्रीचा चढ आणि वर कोसळणारा पाऊस! अशा स्थितीत मुले साताऱ्यास पोहोचली. परीक्षेस बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. धोंडूचे वय तेवढे होते. परंतु त्याची अंगकाठी लहान. तो सतरा वर्षांचा दिसत नाही, एवढ्याच कारणावरून त्यास परत पाठविण्यात आले.

एवढे कष्ट व्यर्थ गेल्यावर एखाद्याने पुस्तके कायमची मिटून ठेवली असती. धोंडूला दुःख झाले, पण त्याने अभ्यास सोडला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूर येथे तो त्याच परीक्षेस बसला व उत्तीर्ण झाला. पुढे मुंबईत शिकवण्या करीत त्याने शिक्षण चालू ठेवले आणि १८८४ साली बी. ए. ची पदवी मिळविली.

मोठेपणी याहूनही कठीण प्रसंग आले. १८९३ साली कर्व्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. गावाविषयीचा राग मनात न ठेवता त्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळ हिंगणे येथे गेला. दिवसभर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावे आणि सायंकाळी ऊनपावसाची पर्वा न करता आश्रमाकडे पायी जावे, असा त्यांचा क्रम होता. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलापाशी आईने दिलेला स्वाभिमान आणि गुरुजींनी दिलेला आत्मविश्वास, ही शिदोरी होती. ती त्यांना जन्मभर पुरली.