पाखरांना अभय देणारा राजा

शरण आलेल्या एका कपोतासाठी स्वतःचे मांस तराजूत घालणाऱ्या शिबिराजाचे आख्यान आम्ही कीर्तनात अनेकदा लावतो. परंतु पाखरांच्या जातीच्या जाती राजाज्ञेने अवध्य ठरविणाऱ्या सम्राट अशोकाचे चरित्र भाविकांच्या कानी क्वचितच पडते. आजच्या पर्वकाळी त्याचेच स्मरण करू.

चंद्रगुप्त मौर्याचा हा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र. इसवी सनापूर्वी २६८ च्या सुमारास त्यास राज्याभिषेक झाला. आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. त्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष देशोधडीला लागली. हा हिशेब त्याने स्वतःच शिळेवर कोरविला. विजयाच्या त्या अनुतापातून तो बुद्धाच्या धर्माकडे अधिकाधिक वळला.

दयेचा आरंभ त्याने आपल्या पाकशाळेपासून केला. तेथे पूर्वी रोज लक्षावधी प्राणी मारले जात, असे त्याचाच शिलालेख सांगतो. ती संख्या दोन मोर आणि एक हरीण येथवर आली. पुढे हे तीन जीवही मारले जाणार नाहीत, असे त्याने जाहीर केले. दुसऱ्यावर नियम घालणाऱ्याने आधी स्वतःचे ताट पाहावे, हा राजधर्म येथे दिसतो.

अभिषेकास २६ वर्षे झाल्यावर त्याने स्तंभांवर आज्ञा कोरविली. पोपट, साळुंकी, चक्रवाक, हंस, पांढरे पारवे, गावातील पारवे अशी नावे घेऊन त्याने पाखरांना अभय दिले. कौटिलीय अर्थशास्त्रातही सूनाध्यक्षाच्या प्रकरणी हंस, मयूर, शुक, सारिका यांचे रक्षण सांगितले आहे. म्हणजे ही दृष्टी या भूमीला परकी नव्हती. विनाकारण अथवा जीवहत्येसाठी वन जाळू नये, अशीही अशोकाची आज्ञा होती. वणव्यात मोठे पाखरू उडून जाते. घरट्यातील अंडी आणि पंख न फुटलेली पिले मात्र जळतात. म्हणून वन राखणे हेच घरटे राखणे होय.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. त्याने काही नियम पंचांगाशी बांधले. चातुर्मासाच्या तिन्ही पौर्णिमा, पुष्य नक्षत्राची पौर्णिमा आणि उपवासाचे दिवस आले की मासे मारणे व विकणे बंद. हत्तींच्या वनांत आणि कोळ्यांच्या राखीव पाण्यांतही त्या दिवशी अन्य जीवांची हत्या होऊ नये. पवित्र तिथी ही मुक्या जीवांचीही विश्रांती ठरली.

पुढच्याच वर्षी त्याने आणखी एक लेख कोरविला. मूळचा टोपरा येथील हा स्तंभ चौदाव्या शतकात दिल्लीस आणला गेला व आज तेथेच फिरोजशहा कोटल्यावर उभा आहे. अमुक प्राणी अवध्य, असे नियम आपण केले खरे. पण नियमाने थोडेच साधते, मन वळविल्याने पुष्कळ साधते, असा त्या लेखाचा आशय आहे. आज्ञा मोडणाऱ्यास दंड करण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती होते, त्याने हे लिहावे, यातच त्याचे थोरपण.

आपल्या कोकणात सोपारा येथेही त्याच्या एका शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. त्याचा शब्द आपल्या दारापर्यंत आला होता. आता राजाज्ञा उरली नाही. मन वळविण्याचे काम तेवढे उरले आहे. यंदा वळचणीला पाखराने घरटे बांधले, तर पिले उडेपर्यंत तेथे केरसुणी फिरवू नये, एवढे घरातील लहानांस सांगावे.